गच्चीचे देणे

दिवाळी जवळ आली की घराच्या भिंतींना रंग लागतो, दाराला तोरण लागते, पितळेची भांडी लख्ख होतात. छपराची आठवण मात्र कोणालाच होत नाही. ती व्हायची ती मृग लागल्यावर, पहिली सर कोसळून छताच्या कोपऱ्यात ओला नकाशा उमटला म्हणजे! आणि त्या वेळी बादली लावण्यापलीकडे माणसाला काही करता येत नाही. खरे पाहता छपराचा विचार करायला दिवाळीसारखा मुहूर्त नाही. पाऊस सरलेला असतो आणि पुढचे सहा-सात महिने कामाला मोकळे असतात. म्हणून या दिवाळीत वाचकांना मी आमच्या डोंबिवलीच्या गच्चीवर घेऊन जाणार आहे. कंदील मागाहून लावू. आधी पायांखाली काय आहे ते पाहू.

पण गच्चीवर जाण्याआधी दोन जुन्या घरांत डोकावले पाहिजे, कारण माझे बालपण दोन छपरांखाली वाटले गेले होते.

पहिले घर कल्याणचे, वडिलांकडचे. पारनाक्याच्या बाजूचे, कौलारू, दोन पाख्यांचे. वर मंगलोरी कौले, पडवीवर मात्र कुंभाराची जुनी नळीची. मंगलोरी कौलांची कथा मोठी गमतीची आहे. १८६५ साली बासेल मिशनच्या लोकांनी मंगळूरला त्यांचा कारखाना काढला आणि पुढे ही तांबडी, खाचेत खाच बसणारी कौले साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. ती आमच्या घरात इतकी मुरली की ती परक्या मुलखातून आली आहेत, हे आजीला सांगूनही पटले नसते. माजघरावर एक काचेचे कौल होते. दुपारी त्यातून उन्हाचा एक चौकोन जमिनीवर पडे आणि आजीचे घड्याळ तेच.

दर वर्षी वैशाखात शाकारणी होई. दोन गडी शिडी लावून वर चढत. माकडांनी हलवलेली, आमच्या चेंडूने फुटलेली कौले काढत, रिपा तपासत, एखादा वासा कुजला असेल तर बदलत. खाली उभे राहून आजोबा मोजत. किती कौले फुटली, किती जुनी चालतील, किती नवी आणावी लागतील! संध्याकाळी गड्यांचे पैसे आणि वर गूळ-पाणी. खर्च फारसा नसे, पण तो चुकतही नसे. शाळेची फी आणि शाकारणी हे दोन खर्च आमच्याकडे एकाच ओळीत लिहिले जात. तेवढे केले की पुढचे चार महिने वळचणीखाली उभे राहून पागोळ्या झेलायला आम्ही मोकळे. ठाण्या-कल्याणकडे वर्षाकाठी सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढे पाणी अंगावर घ्यायचे म्हणजे ते थांबू देता कामा नये, हे कोकणच्या माणसाला कोणी शिकवावे लागले नाही. त्याने छपराला उतार दिला आणि पावसाला वाट दिली.

दुसरे घर आईच्या माहेरचे, नगर जिल्ह्यातले. त्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. तिथे कौल नव्हते, उतार नव्हता. धाब्याचे घर! जाड भिंती, तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर पाला आणि वर गावच्या पांढरीच्या मातीचा जाड थर. सोलापूर-मराठवाड्याकडे याच छपराला माळवद म्हणतात. पाऊस तिकडे आमच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याचा. माती तो पिऊन टाकी आणि उरलेला पन्हळीतून खाली सोडी. उजेडासाठी छताला एक भोक असे, त्याला साणे म्हणत. म्हणजे कल्याणचे काचेचे कौल आणि नगरचे साणे ही सख्खी मावसभावंडेच. उन्हाळ्यात त्या धाब्यावर कुरडया वाळत, रात्री अंथरुणे पडत आणि मामा आम्हाला सप्तर्षी दाखवी.

आईचा या सपाट छपराचा अभिमान जबर होता. "तुमच्याकडे छपरावर माकडे झोपतात, आमच्याकडे माणसे," असे ती वडिलांना ऐकवी. वडील म्हणत, "तुझे धाबे एक श्रावण कल्याणला आण, आणि मग बोल." दोघांचेही खरे होते. मात्र एक गोष्ट दोघेही सांगत नसत, कारण ती सांगण्यासारखी आहे असे त्यांना वाटतच नसे. धाब्यावरही दर वर्षी पावसाआधी नवी माती पडे, ती पायांनी तुडवून चोपली जाई आणि पावसानंतर उगवलेले गवत उपटले जाई. तिथेही शाकारणी होती. फक्त नाव वेगळे होते.

आता हे सपाट छप्पर घाट उतरून कोकणात कसे आले, ते पाहू.

सपाट गच्ची मुंबई-ठाण्याला अगदी अपरिचित होती असे नाही. चुन्याच्या घाणीत मळलेला चुना, विटांचे तुकडे, त्यात गूळ-हिरड्याचे पाणी, आणि मजुरांच्या रांगांनी लाकडी थाप्यांनी दिवसचे दिवस केलेली कुटाई, असा कोबा मोठ्या इमारतींवर होत असे. पण तो श्रीमंतांचा आणि सरकारचा खेळ. सामान्य माणसाला गच्ची दिली ती सिमेंट आणि लोखंडाच्या लग्नाने. हे लग्न लावणाऱ्यांपैकी एक भटजी म्हणजे मोनिए नावाचा फ्रान्समधला माळी. झाडांच्या कुंड्या फुटू नयेत म्हणून त्याने सिमेंटमध्ये तारांची जाळी घातली आणि १८६७ साली त्याचे पेटंट घेतले. कुंडीतून तुळई निघाली, तुळईतून स्लॅब निघाली. आपल्याकडे पोरबंदरला १९१४ साली सिमेंट तयार होऊ लागले, १९३६ साली अनेक कंपन्या एकत्र होऊन एसीसी उभी राहिली आणि त्याच सुमारास मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर सपाट डोक्याच्या गोंडस इमारतींची रांग लागली. कौल म्हणजे खेडे आणि गच्ची म्हणजे शहर, हे समीकरण तेव्हापासून मध्यमवर्गाच्या मनात बसले.

या नव्या छपराचा पावसाशी जमाखर्च काय, हे विचारायचे मात्र राहून गेले. ते पॅरिसलाही राहिले होते. ल कॉर्ब्युझिए या थोर वास्तुकाराने पॅरिसजवळ प्वासी येथे सव्वा कुटुंबासाठी सपाट गच्चीचे एक घर बांधले. १९३१ साली ते पुरे झाले. घर असे की जगभरचे विद्यार्थी पाहायला जातात. २०१६ साली त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. पण घराच्या मालकीणबाई मात्र वर्षानुवर्षे वास्तुकाराला कळवत राहिल्या की दिवाणखान्यात पाऊस पडतो आहे, आणि शेवटी घर राहण्याच्या लायकीचे नाही, असे त्यांनी लिहून दिले. तिथला पाऊस आमच्या पावसाच्या तिसऱ्या हिश्श्याचाही नाही!

आता डोंबिवली. महाराष्ट्राचा सहकारी संस्थांचा कायदा १९६० सालचा, तो २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला. गिरगाव-दादरच्या चाळीतून बाहेर पडू पाहणाऱ्या कारकुनाला, मास्तराला, बँकेतल्या माणसाला त्या कायद्याने एक नवा शब्द दिला: सोसायटी. लोकल गाडी होतीच, जमीन स्वस्त होती, आणि एकावर एक घरे रचायची तर स्लॅबला पर्याय नव्हता. कौलारू छपरावर दुसरे बिऱ्हाड कसे चढवणार? १९७९ साली वडिलांनी भावकीतला वाटा सोडून डोंबिवलीला बारा बिऱ्हाडांच्या इमारतीत घर घेतले. तेव्हा ना ठाण्याला महानगरपालिका होती ना कल्याण-डोंबिवलीला; ती अनुक्रमे १९८२ आणि १९८३ साली झाली. पहिल्या दिवशी वडील गच्चीवर गेले, टाच आपटून पाहिली आणि म्हणाले, "सुटलो! आता शाकारणी नाही." आईला तर माहेरच परत मिळाले होते. त्या वर्षी कुरडया गच्चीवर वाळल्या आणि कोजागरीचे दूध बारा घरांनी मिळून आटवले.

वडिलांचे ते वाक्य माझ्या कानात आजही आहे, कारण ते चूक होते. शाकारणी संपली नव्हती. ती उधारीवर पडली होती.

ती कशी, हे थोडे समजून घेऊ. आमची गच्ची दोन हजार चौरस फुटांची. तिच्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की १८६ लिटर पाणी होते. अडीच हजार मिलिमीटरचे साडेचार लाख लिटरांहून अधिक. म्हणजे दहा हजार लिटरचे पंचेचाळीसांवर टँकर दर पावसाळ्यात आमच्या डोक्यावर रिकामे होतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढा आमच्याकडे पडला असता तर पावणेदोन लाख लिटर एका दिवसात! हे पाणी वाहून जावे म्हणून गच्चीला शंभर फुटांना एक फूट इतका हलका उतार देतात. डोळ्याला तो दिसतही नाही. एखाद्या भोकात पिंपळाचे पान अडकले की गच्चीचे तळे होते.

पावसाहून कपटी ते ऊन. मे महिन्यात दुपारी स्लॅब तव्यासारखी तापते आणि जूनमधल्या पहिल्या सरीने एकाएकी निवते. तीस अंशांच्या फरकाने दहा मीटर लांबीची स्लॅब सुमारे तीन मिलिमीटर लहान-मोठी होते. तीन मिलिमीटर म्हणजे काही नव्हे, असे वाटेल. पण केसाएवढी फट पाण्याला दरवाजासारखी असते. धाब्याची माती फुगून आपली फट आपणच बुजवी, कौले एकमेकांवर सैल बसत म्हणून त्यांना फट पडतच नसे. स्लॅबचा बाणा मात्र 'मोडेन पण वाकणार नाही' असा. फटीतून उतरलेले पाणी आतल्या सळईपर्यंत जाते, सळई गंजते, गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा मागतो आणि खालचे सिमेंट पोपड्यासारखे फुगून गळून पडते. त्यात ज्या काळात आमच्यासारख्या इमारती उभ्या राहिल्या त्या काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. ते अंशतः सुटले १९८२ साली आणि पुरते सुटले १९८९ साली. तोवर सिमेंट परवान्याचे आणि टंचाईचे; रेती जवळच्या खाडीची. कल्याण-मुंब्र्याच्या रेतीबंदरांची नावे त्याची साक्ष देतात. खाडीची रेती नीट धुतली नाही तर तिच्याबरोबर मीठही स्लॅबमध्ये जाते, आणि मीठ लोखंडाचे काय करते ते लोणच्याच्या बरणीचे पत्र्याचे झाकण पाहिलेल्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे.

आता माझा कबुलीजबाब. १९९८ साली मी सोसायटीचा चिटणीस होतो. गच्ची गळू लागली होती. ठेकेदाराने दोन दर दिले: जुना कोबा फोडून नवा करण्याचा, आणि जुन्यावरच नवा चढवण्याचा. दुसरा पुष्कळ स्वस्त होता. फोडाफोडीचा त्रास नाही, राडारोडा नाही. मी सभेत त्याचीच तरफदारी केली आणि टाळ्या घेतल्या. पंधरा-सोळा वर्षे छत कोरडे राहिले. मी शहाणा ठरलो.

२०२३ च्या पावसाळ्यात चौथ्या मजल्यावरच्या आजींच्या घरात पाणी उतरले. बिऱ्हाडात त्या एकट्या. आम्ही पाहायला गेलो तेव्हा देवघरावर प्लॅस्टिक बांधलेले, पलंग खोलीच्या मधोमध ओढलेला, चार बादल्या चार कोपऱ्यांत. "रात्री दोनदा उठून ओतते," त्या म्हणाल्या, "तक्रार नाही हो, नळाला पाणी नसते तेव्हा हेच वापरते." आम्ही हसलो, आणि तेवढ्यात छताचा ताटाएवढा पोपडा पलंगाशेजारी पडला. हसणे तिथेच थांबले.

तीस वर्षांवरच्या इमारतीची दर तीन वर्षांनी बांधकाम-तपासणी करावी, असे आदर्श उपविधी सांगतात. आम्ही ती २०२४ साली पहिल्यांदा केली. तपासणीला आलेल्या तरुण इंजिनिअर बाईंनी गच्चीला एक भोक पाडले, त्यात पट्टी घातली आणि मला विचारले, "काका, इथे दोन कोबे कोणी केले?" मी गप्प राहिलो. मग त्यांनी वहीच्या पाठकोऱ्या पानावर हिशेब मांडून दाखवला. कोब्याचे वजन चौरस मीटरला पावणेदोनशे-दोनशे किलो. लोकांची ये-जा असलेल्या गच्चीवर माणसे, सामान वगैरेंसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो. म्हणजे माणसांसाठी राखलेली सारी जागा माझ्या दुसऱ्या कोब्याने केव्हाच खाऊन टाकली होती. सगळ्या गच्चीवर मिळून ते ओझे पस्तीस टनांच्या घरात. आठ-दहा हत्ती! आणि त्यांच्यावर आम्ही दर वर्षी कोजागरी केली होती.

त्यानंतरची सभा मी विसरणार नाही. समोर तीन दर होते. वरून रसायनाचा लेप, चौरस फुटाला ५० रुपये, एकूण १ लाख. गच्चीवर पत्र्याची शेड, चौरस फुटाला २२५, एकूण साडेचार लाख, आणि पालिकेची परवानगी वेगळी. तिसरा, दोन्ही कोबे फोडून एक नवा, वर चिनी तुकड्यांची पांढरी फरशी, चौरस फुटाला २५५. एकूण ५ लाख १० हजार. स्लॅबच्या गंजलेल्या सळयांची दुरुस्ती १ लाख २० हजार, ती मात्र कोणताही मार्ग धरला तरी चुकत नव्हती. नव्या कोब्यासह सगळे ६ लाख ३० हजार. बारा घरांना वाटले तर प्रत्येकी ५२ हजार ५००.

"पाणी तुमच्या घरात, आणि पैसा आमच्या खिशातून?" तळमजल्यावरचे गृहस्थ म्हणाले. दुसरे म्हणाले, "इमारत आज ना उद्या पुनर्विकासाला जायचीच आहे. मरणाऱ्याला नवे कपडे कशाला?" पुनर्विकासाची ही बोलणी आम्ही बारा वर्षे ऐकतो आहोत, आणि त्या आशेवर ठाण्या-डोंबिवलीतल्या किती गच्च्या गळत राहिल्या आहेत, ते वाचकांपैकी अनेकांना घरबसल्या दिसत असेल.

नियम स्पष्ट होता. गच्चीतून येणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करायची, त्या एका सभासदाने नव्हे. पण नियम वाचून माणसे उठत नाहीत. उठली ती आजींच्या बोलण्याने. त्या जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि तळमजल्याच्या गृहस्थांना म्हणाल्या, "उद्या पाया खचला तर मी म्हणेन का बाबा, की तो तुमच्याच घराखाली आहे?"

मग मी उठलो आणि १९९८ ची गोष्ट सांगितली. पुढे निधीचा हिशेब मांडला. उपविधींप्रमाणे घराच्या बांधकाम खर्चाच्या, जमीन वगळून, वर्षाला किमान पाव टक्का सिंकिंग फंडाला आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीला द्यायचा. आमच्या घराचा बांधकाम खर्च १९७९ साली ४० हजार धरलेला. म्हणजे वर्षाला शंभर आणि तीनशे, मिळून चारशे रुपये. बारा घरांचे ४,८००. पंचेचाळीस वर्षांचे, एक पैसा खर्च न करता, २ लाख १६ हजार! खर्च ६ लाख ३० हजार. नियमात 'किमान' हा शब्द आहे; सभेला तो आकडा वाढवता येतो. आम्ही तो किमान शब्द कमाल म्हणून वाचला. महागाई वाढली, पगार वाढले, घराची किंमत वाढली. छपरासाठी काढून ठेवायची रक्कम तेवढी १९७९ सालातच बसून राहिली. कल्याणचे आजोबा कुठलाही उपविधी न वाचता दर वैशाखात जे देत होते, ते आम्ही दिले नाही. पावसाने ते व्याजासकट मागितले.

ठराव झाला. तळमजल्याच्या गृहस्थांनी हात वर केला, उशिरा का होईना. पुढे वर्गणी मात्र पहिली त्यांचीच आली.

पत्र्याच्या शेडबद्दल दोन शब्द लिहिले पाहिजेत. डोंबिवलीच्या पुलावर उभे राहून नजर टाकली की गच्च्यागच्च्यांवर निळे, हिरवे उतरते पत्रे दिसतात. कोकणातल्या माणसाने कौलारू छप्पर मोडून गच्ची बांधली, आणि पन्नास वर्षांनी त्या गच्चीवर पुन्हा उतरते छप्पर घातले! वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही म्हणतात. इथे मात्र आढेच परत घरी आले. ते चूक आहे असे मी म्हणत नाही. हवा आपले म्हणणे सोडत नाही, एवढेच त्यातून दिसते. आमच्या आजींनी शेडला नकार दिला. "चांदणे दिसायचे नाही," एवढेच कारण.

२०२४ ची दिवाळी झाल्यावर काम सुरू झाले. छिन्नी-हातोडीने दोन महिने फोडकाम चालले. राडारोडा एका जागी साचू द्यायचा नाही, रोजचा रोज खाली उतरवायचा, असा इंजिनिअर बाईंचा दंडक होता. त्याचा अर्थ मला पुरता उमगला तो काम संपत आले असताना. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेला एका इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचे काम चालू असताना स्लॅब कोसळली आणि सहा माणसे दगावली. त्या संध्याकाळी आमच्या इमारतीत कोणी फारसे बोलले नाही. आजींनी देवापुढे दिवा लावला तो नेहमीच्या वेळेआधी.

नवी गच्ची पाण्याने भरून सात दिवस ठेवली. आजी रोज सकाळी छताला हात लावून पाहत. सातव्या दिवशी त्यांनी चारही बादल्या खाली पाठवल्या, आत बेसनाचे लाडू घालून.

परवा मुलांनी गच्चीवर दिवाळीचा किल्ला बांधला. किल्ला झकास झाला होता, तटबंदी, बुरूज, मावळे सगळे होते. फक्त तो नेमका पावसाच्या पाण्याच्या भोकावर बांधला होता. मी त्यांना तो दोन हात सरकवायला लावला. मुले कुरकुरली. मग मी एक तांब्याभर पाणी वरच्या कोपऱ्यात ओतले आणि ते कुठे जाते ते बघायला सांगितले. पाणी रमतगमत, कुठेही न थांबता, भोकाशी गेले. मुलांनी ते आणखी सहा वेळा करून पाहिले.

खाली फलकावर यंदा मी एक सूचना लावली आहे. वैशाखातल्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता सर्व सभासदांनी झाडू घेऊन गच्चीवर यावे. मथळा आहे, 'शाकारणी'. तळमजल्याच्या गृहस्थांनी शेजारी पेन्सिलीने लिहिले आहे, 'गूळ-पाण्याची व्यवस्था आमच्याकडे.'